औषधाचा हिशेब होतो, ताटाचा कधी होणार?

कॅन्सरविषयी अलीकडे सरकारदरबारी बऱ्याच घोषणा झाल्या. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं उघडण्याचं जाहीर झालं, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३३ जीवरक्षक औषधांवरचा जीएसटी शून्यावर आला, त्यात कॅन्सरचीही औषधं आहेत. बातम्या चांगल्याच आहेत. पण परळ-दादर भागात धर्मशाळेत, भाड्याच्या खोलीत, कधी फुटपाथवर राहून लेकरांचे उपचार करणाऱ्या आया मी काही वर्षं जवळून पाहते आहे. त्यांच्या दिवसाची सुरुवात एकाच प्रश्नानं होते, ‘आज हा काय खाईल?’

हा प्रश्न बायकी म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलं व किशोरवयीनांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र ३० टक्क्यांहूनही कमी. उशिरा निदान, अर्धवट सोडलेले उपचार, औषधांचा तुटवडा अशी त्याची कारणं आहेत. कुपोषण ही त्यांच्या जोडीला. अंगात ताकद नसलेल्या मुलाला किमो सोसत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो, मग पुढचा डोस लांबतो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा. त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. एवढे दिवस त्या मुलाचं वजन टिकवून धरायचं काम कोण करतं? एका बर्नरच्या शेगडीपुढे बसलेली आई.

मैत्रिणींनो, हा स्वयंपाक सोपा नसतो. किमोनंतर तोंड येतं, तेव्हा तिखट-आंबट चालत नाही. मुगाची गुरगुट्या खिचडी, वर तूप, नाचणीचं सत्त्व, दलियाची खीर, कुस्करलेलं केळं असं मऊ आणि कोमट काहीतरी लागतं. जिभेला धातूसारखी चव येते, फोडणीच्या वासानंही ओकारी येते. म्हणून मूल खोलीबाहेर असताना रांधून ठेवायचं आणि दर दोन तासांनी दोन-चार घास भरवायचे. याउलट स्टेरॉइडच्या दिवसांत तेच मूल रात्री दोन वाजता उठून जेवायला मागतं. तेव्हा फरसाण, वेफर्स यांचं मीठ नको, धिरडं किंवा भाजी-पोळी हाताशी हवी.

पांढऱ्या पेशी कमी झाल्या की पथ्य आणखी कडक होतं. पाणी उकळून गार केलेलं, अन्न ताजं, अंडं पूर्ण शिजलेलं, मोड आलेली कडधान्यं नीट शिजवूनच. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं बंद. प्रत्येक मुलाचं पथ्य डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात, आणि तेच पाळायचं.

त्यात सल्ले देणारे कमी नसतात. मराठवाड्यातून आलेली एक आई मला म्हणाली, “ताई, एक म्हनतो दूध बंद करा, दुसरा म्हनतो साखर बंद करा. मंग लेकराला घालू तरी काय?” साखर तोडली की गाठ विरघळते, याला आधार नाही. वाढत्या वयाच्या, खंगलेल्या मुलाला तर उष्मांक हवेच असतात. गव्हांकुराचा कच्चा रस किंवा कुणीतरी दिलेला काढा डॉक्टरांना न विचारता देणं धोक्याचंच.

आणखी एक गोष्ट मी नेहमी बघते. मुलासाठी महागडी पावडर आणायची म्हणून आई स्वतः वडापाववर दिवस काढते. खरं तर एकाच पातेल्यात सगळ्यांचं भागतं. डाळ घट्ट शिजवायची, मुलाचा वाटा काढून घ्यायचा, मग मोठ्यांसाठी वरून तिखटाची फोडणी द्यायची. शेंगदाण्याचा कूट भाजीत, अंडं किंवा पनीर जमेल तसं. डॉक्टरांनी पावडर लिहून दिली असेल तर ती द्यायचीच, पण आई उपाशी राहून नाही. ती आजारी पडली, तर मुलाकडे कोण बघणार?

आता सरकारकडे वळू. क्षयरोग्याला सकस आहारासाठी दरमहा पैसे द्यावेत, हे आपण मान्य केलेलं आहे. एप्रिल २०१८ पासून नि-क्षय पोषण योजनेत महिना ५०० रुपये थेट खात्यात जमा होत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. आहार हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यामागचं तत्त्व. मग तेच तत्त्व कॅन्सर झालेल्या मुलाला का लागू नसावं? हे मूल शाळेत जात नाही, म्हणजे शाळेतला पोषण आहारही सुटला. आरोग्य योजनेतून औषधाचं बिल भागलं, तरी खोलीवरचा गॅस, डाळ, दूध, अंडी यांचा खर्च बापाच्या बुडालेल्या मजुरीतूनच निघायचा असतो.

ही पोकळी आज संस्था भरून काढत आहेत. २००६ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडियाच्या केंद्रांत मुलासह कुटुंबाला मोफत राहायला मिळतं आणि आईला स्वच्छ स्वयंपाकघरात स्वतःच्या हातानं रांधता येतं. कडल्स फाउंडेशन रुग्णालयांत मुलांसाठी आहारतज्ज्ञ पुरवतं. पण संस्था पुऱ्या पडणार किती? नव्या डे-केअर केंद्रांमुळे मूल आपल्या जिल्ह्यात, आपल्या घरचं जेवून किमो घेऊ शकेल, ही मोठीच सोय. मात्र तिथे खुर्ची आणि सलाइनबरोबर मराठीत बोलणारी आहारतज्ज्ञ हवी, आणि मुलाच्या आहारासाठी दरमहा ठरावीक रक्कम हवी. आपल्या आमदार-खासदारांकडे हे मागायला काय हरकत आहे?

तोवर आपल्या हातात बरंच आहे. भेटायला जाताना बिस्किटं, मिठाई नेऊ नका. आईला आधी विचारा. मूगडाळ, तूप, शेंगदाणे, अंडी, नाचणीचं पीठ किंवा गॅसचे पैसे, यांतलं काहीतरी तिला नक्की हवं असतं. शिजवलेला डबा मात्र विचारल्याशिवाय नको. आणि परगावच्या कुटुंबाला एवढं जरूर सांगा, की गावाकडच्या रेशनकार्डावर ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत मुंबईतल्या दुकानातूनही त्यांच्या हक्काचं धान्य उचलता येतं. मी विचारते तेव्हा अनेक आयांना हे ठाऊकच नसतं.