छप्पर उघडणारी गाडी आणि गळणारे घर

"मामा, जयभीम. एक सल्ला पाहिजे होता," असे म्हणत आमचा भाचा एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळीच दारात येऊन उभा राहिला. हा मुलगा चाकणच्या एमआयडीसीत मोटारींना रबरी पट्ट्या पुरवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. पहाटे मंचरला येऊन कामाची बस धरतो आणि रात्री उशिरा घोडेगावच्या पलीकडे आपल्या गावी परततो. मे महिन्यात त्याचा मंगल परिणय ठरला होता. आम्हाला वाटले, पत्रिका किती छापायच्या, जेवणावळ कुठे घालायची, असा काही प्रश्न असेल. पण त्याने खिशातून मोबाईल काढला आणि दोन मोटारींचे फोटो आमच्यापुढे धरले. "वरातीला यातली कोणती घेऊ?"

दोन्ही गाड्या छप्पर उघडणाऱ्या. पहिली लांबरुंद, चार जणांची, गुबगुबीत सीटांची. बटण दाबले की तिचे लोखंडी छप्पर घडी होऊन मागे डिकीत जाते. दुसरी बसकी आणि दोनच सीटची. तिला कापडी छप्पर. भाड्याने गाड्या देणाऱ्या पुण्याच्या एका माणसाने पहिलीचे तीन तासांचे 22,000 रुपये सांगितले होते, दुसरीचे 18,000. ओव्हरटाइम करून भाच्याने 25,000 रुपये साठवले होते.

पाठोपाठ त्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, आली. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "दादा, तूच सांग याला काहीतरी. पावसाच्या आत घरावरचे पत्रे बदलायचेत. गेल्या साली रात्रभर घमेली ठेवत बसलो. आणि ह्याला बिनछपराची गाडी पाहिजे!"

खरे तर आम्ही त्याच वेळी उपदेश करून मोकळे झालो असतो. पण पोराने प्रश्न विचारला होता गाडीचा. त्याला उत्तर द्यायचे ते पत्र्याचे, हे बरे नव्हे. आम्ही पडलो कारकून. कागदावर उभी रेघ मारली, एका बाजूला पहिली गाडी लिहिली, दुसऱ्या बाजूला दुसरी आणि म्हटले, "चल, आधी माल तपासू." पुढचे चार दिवस आम्ही मामा-भाचे मिळून जे शोधले, ते वाचकांपुढे ठेवतो. लग्नसराईत हा प्रश्न आणखीही घरांत निघत असणार.

पहिली गाडी होती बीएमडब्ल्यू कंपनीची 3 सिरीज कन्व्हर्टिबल. हे मॉडेल 2007 साली बाजारात आले. लोखंडी छपराचे तीन तुकडे एकावर एक बसतात आणि सुमारे 22 सेकंदांत डिकीत जातात. छप्पर बंद केले की गाडी चारचौघींसारखी दिसते. ऊन, धूळ, पाऊस, आवाज सारे बाहेर. पण दोन गोष्टी फोटोत दिसत नाहीत. एक म्हणजे डिकी. छप्पर वर असताना तीत 350 लिटर जागा असते, छप्पर आत आले की 210 उरते. दुसरी गोष्ट वजनाची. याच गाडीची पक्क्या छपराची जी बहीण आहे, तिच्यापेक्षा ही सुमारे 200 किलोंनी जड आहे.

भाचा थबकला. "मामा, छप्पर उघडलं तर गाडी हलकी व्हायला पाहिजे ना?"

इथे एक प्रयोग सांगतो. मुलांना घरी करून दाखवावा. चपलांचे पुठ्ठ्याचे खोके घ्या. झाकण चिकटपट्टीने घट्ट बसवून दोन्ही हातांनी पीळ द्या. खोके दाद देत नाही. आता झाकण काढून पीळ द्या. लगेच वाकडे होते. मोटारीचेही तसेच. छप्पर म्हणजे नुसती सावली नव्हे, सगळ्या सांगाड्याला ते धरून ठेवते. ते काढायचे तर खाली दारांच्या उंबऱ्यात जाड पोलाद घालावे लागते, पुढच्या काचेचे खांब मजबूत करावे लागतात. गाडी उलटली तर डोकी वाचावीत म्हणून या गाडीत मागच्या सीटमागे उसळून वर येणाऱ्या दांड्या बसवल्या आहेत. त्यात छपराची मोटर, पंप, बिजागऱ्या. म्हणून छप्पर काढता येणारी गाडी जड होते.

लोखंडी छप्पर डिकीत घालण्याची युक्ती फार जुनी आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज पोलँ नावाचा दंतवैद्य होता. दात दुरुस्त करता करता त्याने मोटारीचे छप्पर मागे सरकवण्याची रचना काढली आणि 1930 नंतरच्या काही वर्षांत प्युजो कंपनीच्या गाड्यांवर ती बसलीही. पुढे देशावर नाझींचा ताबा आला तेव्हा हा माणूस त्यांच्याविरुद्ध गुप्तपणे काम करू लागला. पकडला गेला आणि 1942 साली नाझींनी त्याला गोळ्या घातल्या. ऐषआरामाची वस्तू शोधणारा माणूस वेळ आली तेव्हा असा उभा राहिला, हे आम्हाला ठाऊक नव्हते. नंतर अमेरिकेत फोर्ड कंपनीने 1957 ते 1959 अशी तीन वर्षे असे छप्पर विकून पाहिले. त्यात विजेच्या मोटरींची रांग आणि सुमारे 600 फूट वायर लागे. गाडी महाग पडली आणि बंद झाली. 1996 साली मर्सिडीजने एसएलके ही छोटी गाडी आणली आणि लोखंडी छपराची फॅशन पुन्हा सुरू झाली.

आता दुसरी बाजू. भाच्याने दाखवलेली दुसरी गाडी बीएमडब्ल्यूचीच झेड-4. या जातीच्या गाडीला रोडस्टर म्हणतात. रोडस्टर म्हणजे दोनच माणसांची उघडी, बसकी, चपळ गाडी. लांबी कमी, वजन जमिनीजवळ, चालवणारा जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेला. त्यामुळे वळणावर गाडी काय करते आहे ते पाठीला कळते, असे चालवणारे सांगतात. जपानच्या माझ्दा कंपनीने 1989 साली एमएक्स-5 नावाची स्वस्त आणि जेमतेम साडेनऊशे किलोंची रोडस्टर काढली. 2016 पर्यंत अशा 10 लाख गाड्या तयार झाल्या. आपल्या देशातही सॅन मोटर्सने 1990 च्या दशकाच्या अखेरीस फायबरच्या बॉडीची 'स्टॉर्म' नावाची दोन सीटची उघडी गाडी काढली होती. इंजिन रेनॉचे, ताकद 60 अश्वशक्ती. ती फार चालली नाही, पण तरुणांना असली गाडी हवीशी वाटते, हे तेव्हाही कोणी तरी ओळखले होते.

या झेड-4 ची गोष्ट आम्हाला सगळ्यांत उद्बोधक वाटली. 2002 साली ती निघाली तेव्हा छप्पर कापडाचे होते. 2009 मध्ये कंपनीने लोखंडी केले. 2018 मध्ये तिसरे मॉडेल आले, तेव्हा पुन्हा कापड! हे कापडी छप्पर 10 सेकंदांत उघडते आणि ताशी 50 किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही उघडता येते. छप्पर वर असो की खाली, डिकीची जागा तेवढीच राहते. मर्सिडीजची महागडी एसएल गाडीही 2001 पासून लोखंडी छपराची होती, ती 2021 मध्ये कापडावर आली. त्यात गाडीचे 21 किलो वजन वाचले. बनवणाऱ्यांनीच जड छप्पर उतरवून हलके घेतले. आजचे कापड अनेक थरांचे असते, पूर्वीसारखे फडफडत नाही.

यावर भाचा जे बोलला ते कुठल्या माहितीपत्रकात नव्हते. "मामा, आम्ही रोज पट्ट्याच बनवतो. लोखंडी छपराचे तीन तुकडे म्हणजे तेवढे सांधे. प्रत्येक सांध्याला रबर. उन्हानं रबर कडक झालं की तिथनं पाणी येणार. जुनी गाडी असेल तर आधी रबर बघायचं." आम्ही हे कागदावर लिहून घेतले. आमच्या बी.कॉम.पेक्षा त्याची पट्टी इथे उपयोगी पडली.

मग आम्ही दोन्ही गाड्या मनातल्या मनात आपल्या रस्त्यावर आणून पाहिल्या. पुणे-नाशिक महामार्गाचे एक ठीक, पण गावच्या रस्त्याला लागले की गतिरोधक आणि खड्डे. रोडस्टरचे पोट तिथे घासणार. पुढे उसाची ट्रॉली असली की उघड्या गाडीत पाचट आणि धूळ. तिचा खरा आनंद जुन्नरहून नाणेघाटाकडे किंवा ओतूरवरून माळशेजकडे जाताना, पावसाळा संपल्यावर, रस्ता मोकळा असताना. एकट्यादुकट्याने आणि बेताने. आमची नात मध्येच म्हणाली, "आजोबा, बिबट्या आला तर कापडाचं छप्पर फाडेल ना?" जुन्नर-आंबेगावच्या उसात राहणाऱ्या मुलांना हा प्रश्न पडणारच. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. तिचाही मुद्दा लोखंडी छपराच्या बाजूला मांडला.

एवढ्यात एका ओळखीच्याने तिसरा मार्ग सुचवला. जुन्या गाडीचे छप्पर कापून, रंग मारून, दिवे लावून तयार केलेली 'ओपन गाडी', अवघ्या 6,000 रुपयांत. वाचकहो, इथे सावध व्हा. चपलांचे खोके आठवा. गॅरेजात छप्पर कापले जाते, पण खाली पोलाद घालत नाहीत. सांगाडा मोडलेलाच असतो. वर नवरा-नवरी सीटच्या पाठीवर बसतात, पोरे दारावर लोंबकळतात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, बनवणाऱ्याने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. अशा गाडीने अपघात केला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भरपाईसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात ते आपल्यासारख्यांनाच.

पुण्याच्या त्या माणसाला आम्ही फोन केला आणि नंबर प्लेटचा फोटो मागवला. दोन्ही गाड्यांना पांढरी पाटी! पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. ड्रायव्हरसह भाड्याने द्यायच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे लागतात. स्वतः चालवायला भाड्याने देतात तिला काळ्या पाटीवर पिवळी. खासगी गाडी भाड्याने फिरवली तर तिचा विमाही त्या कामाला लागू होत नाही. हे विचारताच समोरून उत्तर आले, "साहेब, लग्नात कोण बघतंय?" 

म्हणून गाडी कोणतीही असो, इसार देण्यापूर्वी तीन गोष्टी बघाव्यात. पाटीचा रंग, आरसी बुक आणि विम्याची तारीख. मोबाईलवर फोटो मागवावा. जो देत नाही त्याच्याकडे पैसे देऊ नयेत.

आमच्या कागदावरचा निकाल असा झाला. चार माणसे, ऊन-पाऊस, म्हातारीकोतारी, तर लोखंडी छपराची गाडी बरी. मात्र ती जड, महाग, जुनी असेल तर गळकी. नुसत्या चालवण्याचा आनंद पाहिजे तर रोडस्टर. मात्र तिच्यात तिसऱ्या माणसाला जागा नाही. वरातीत गाडी माणसाच्या चालीने, तीन तास, बँजोच्या मागे चालणार. तिथे चपळाईचे पैसे मोजणे म्हणजे घोडा आणून त्याला दावणीला बांधणे. तेव्हा दोन्हींतली निवडायची तर पहिली, तीही कागदपत्रे नीट असलेली मिळाली तर.

शेवटचा शब्द मात्र नवरीचा झाला. ती मुलगी जुन्नर तालुक्यातली, नारायणगावला शिवणकाम करते. भाच्याने तिला दोन्ही फोटो पाठवले होते. तिने एवढेच विचारले, "पुढच्या गाडीत दोनच सीट. मग आत्याबाई कशात बसणार? आणि घरातलं पाणी थांबलं का?"

भाचा दोन दिवस घुमा होता. आम्ही काही बोललो नाही. त्याच्या हौसेला हसणे आम्हाला जमले नाही. जो मुलगा दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे रबर कापतो, त्याला एक दिवस त्यातल्या एकीत बसावेसे वाटले, तर त्यात वावगे काय? तिसऱ्या दिवशी तो आईबरोबर मंचरला गेला आणि पत्रे घेऊन आला. वरातीला पिवळ्या पाटीची, पक्क्या छपराची साधी गाडी केली. मागे नवरा-नवरी, पुढे आमची बहीण.

लग्नानंतर एकदा तो म्हणाला, "मामा, रोडस्टर माझ्या डोक्यातून गेली नाही हं. डिप्लोमाचं बघतोय. घेता नाही आली तरी एकदा उघडून तिचं छप्पर बघायचंय." आम्ही म्हटले, जरूर बघ आणि आम्हालाही दाखव.

जूनमध्ये पश्चिमेकडून पाऊस आला. पहिल्या रात्री चांगला चार तास कोसळला. सकाळी सातला बहिणीचा फोन. आम्ही घाबरतच उचलला.

"दादा," ती म्हणाली, "घमेली माळ्यावरून काढलीच नाहीत."