कोडिंगला ऐंशी हजार लागत नाहीत

पहिल्या वर्षाच्या पोराला सी भाषा शिकायची असते. कॉलेजचं पत्रक त्याच्या हातात पडतं: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड. कशासाठी? दोन मॅट्रिक्सची बेरीज करायला? बेल लॅब्जमधल्या ज्या पीडीपी-११ वर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला युनिक्स उभी राहिली आणि सी घडली, त्या यंत्राची मेमरी सुरुवातीला २४ किलोबाइट होती. इकडे एक बाप ते पत्रक घेऊन पतसंस्थेच्या दारात उभा राहतो, दोन जामीनदार शोधतो आणि पोराच्या पहिल्या सेमिस्टरआधीच घरावर हप्ता बसवतो. अशाच एका पत्रकाबद्दल मी विभागप्रमुखांना विचारलं, हे आकडे आले कुठून? ते म्हणाले, दुकानदाराकडून कोटेशन मागवलं होतं, त्यातले. म्हणजे ज्याला माल खपवायचा आहे त्यानंच गरज किती ते ठरवलं, आणि कॉलेजनं खाली शिक्का मारला.

मी तालुक्याच्या गावी प्रोग्रॅमिंग शिकवतो आणि मराठीत लिहितो. दोन्ही कामं मी जुन्या लॅपटॉपवर करतो आणि ती अडत नाहीत. त्यामुळे ‘जुन्यावर भागवून घ्या’ असला दयेचा सल्ला मी देत नाही. कोड आणि मजकूर लिहिणाऱ्यासाठी जुनं चांगलं यंत्र हे नव्या स्वस्त यंत्रापेक्षा सरस आहे, असं माझं म्हणणं आहे.

कारण खरी फसवणूक ऐंशी हजारांच्या लॅपटॉपमध्ये नाही. तो निदान चालतो. फसवणूक आहे ती पंचवीस-तीस हजारांच्या कोऱ्या करकरीत डब्यात. आत सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, तीही बोर्डावर सोल्डर केलेली, आणि साठवणीला ६४ जीबीची ईएमएमसी चिप. विंडोज ११ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हीच आहे, म्हणून कायद्यानं बोट ठेवायला जागा नाही. पण एक-दोन मोठे अपडेट आले की जागा संपते, ब्राउझर उघडला की यंत्र धापा टाकतं, आणि रॅम वाढवायची म्हटली तर स्लॉटच नाही. असं यंत्र वर्षभरात कपाटात जातं. पोरगं मात्र वेगळाच धडा घेतं: आपल्याला कॉम्प्युटर जमत नाही. त्या डब्याच्या किमतीपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

सरकारनंही हाच प्रकार करून पाहिला. ५ ऑक्टोबर २०११ला दिल्लीत ‘आकाश’ टॅब्लेटचं वाजतगाजत उद्घाटन झालं. सात इंची पडदा, बोट दाबून धरावं लागणारा रेझिस्टिव्ह टच, २५६ एमबी रॅम आणि कीबोर्ड नाही. देशाच्या विद्यार्थ्यांनी यावर काय लिहायचं होतं? किंमत आधी ठरवली आणि मग त्या किमतीत बसेपर्यंत एकेक गोष्ट उपटून काढली. गरिबासाठी वस्तू करताना आधी त्याच्या कामाकडे बघायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

स्वस्ताई कापूनही येते आणि काळ उलटूनही येते. दुसरी घ्या. २०१७चा थिंकपॅड टी४७० किंवा एक्स२७० तेव्हा कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांसाठी भारी भावानं घेत होत्या. विंडोज ११नं आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर नाकारले, १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, आणि हीच यंत्रं कार्यालयांनी गठ्ठ्यानं बाहेर काढली. त्यांच्यात बिघाड काहीच नाही. एका कंपनीनं धोरण बदललं, एवढाच त्यांचा गुन्हा. लिनक्स मिंट किंवा डेबियन घातलं की ती सुरक्षा अपडेटसकट पुढची कित्येक वर्षं बिनतक्रार चालतात. रिफर्बिश्ड बाजारात असं यंत्र साधारण १५ ते २० हजारांत मिळतं. २०१८चा टी४८० मिळाला तर उत्तम.

टी४७० उलटा करा आणि तळाचे स्क्रू सैल करा. ते निसटून खाली पडत नाहीत, झाकणातच अडकून राहतात. ज्यानं हे यंत्र आखलं, त्यानं ते उघडलं जाणार हे धरूनच आखलं आहे. झाकण निघालं की रॅमचे दोन स्लॉट समोर, बाजूला एसएसडी. पोरांना मी पहिल्या आठवड्यात हे उघडायला लावतो. मागे आणखी एक गंमत आहे: एक बॅटरी आत, दुसरी बाहेरून काढता येणारी. आतली चालू असताना बाहेरची बदलता येते, यंत्र बंद करावं लागत नाही. शिवाय टाइप-सी चार्जिंग आहे, म्हणजे २० व्होल्ट देणाऱ्या पॉवर बँकेवरही ते भरतं. ज्या गावात वीज दुपारी जाते आणि कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही, तिथे पोर्टेबल याचा अर्थ हा आहे. वजन तीनशे ग्रॅमनं कमी असल्याचं कौतुक विमानतळावर बसणाऱ्यांनी करावं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर जिल्ह्याच्या दुकानात, खिशात लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह घेऊन जा. लॅपटॉप त्यावरून सुरू करून दाखवा म्हणा. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान गाठा. सुरू झाल्यावर कीबोर्डची प्रत्येक कळ दाबा, वायफाय जोडा, आवाज ऐका, बिजागरी हलवून बघा. बॅटरी मूळची किती वॉट-अवरची होती आणि आज पूर्ण भरल्यावर किती धरते, हे दोन्ही आकडे लिनक्समधल्या यूपॉवरच्या एका आज्ञेत दिसतात. निम्म्याखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा. बायोसला पासवर्ड असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. ८ जीबी रॅम आत असलेलाच घ्या. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, नंतर टाकू म्हणाल तर महागात पडेल. आणि बिल घ्या.

रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाची भलामण करणारे इथे हटकून आडवे येतात. पाय उत्तम आहे, पण त्याला पडदा, कीबोर्ड, वीजपुरवठा सगळं वेगळं घ्यावं लागतं. २०२०चा पाय ४०० कीबोर्डातच बसवलेला आला, तरी पडदा आणि बॅटरी नाहीच. बेरीज केली की जुन्या लॅपटॉपची किंमत झाली आणि पिशवीत वायरींचा गुंता. तेवढेही पैसे नसतील तर हातातला अँड्रॉइड फोन, एक ब्लूटूथ कीबोर्ड आणि एफ-ड्रॉइडवरचं टर्मक्स हे ॲप: पायथन, गिट, विम सगळं चालतं. पडद्यावर कोड वाचायला त्रास होतो, पण शिकणं थांबत नाही.

अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर, व्हिडिओ संपादन, थ्रीडी यांना दणकट यंत्र लागतं, हे खरं. ज्याचं काम ते आहे त्यानं घ्यावं. पहिल्या वर्षाला त्यातलं काही नसतं. आणि जे जड वाटतं त्यातलं बरंचसं प्रोग्रॅमचं ओझं नसतंच. व्हीएस कोडच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर बसलेला आहे. त्याच्याऐवजी जिनी किंवा विम उघडा, तेच यंत्र हलकं होतं. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी आळस करायचा आणि त्याची किंमत शेतकऱ्याच्या पोरानं रॅम घेऊन मोजायची, हे मला मान्य नाही.

मराठी लिहिणाऱ्यांची लूट वेगळ्या वाटेनं होते. लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट फुकट आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क च्या कळीवर शिफ्ट दाबला की ख, ग च्या कळीवर घ. बाराखडी येणाऱ्याला ही मांडणी काही दिवसांत हाताला बसते. लिब्रेऑफिस आहे, ‘मुक्ता’सारखा देखणा फॉन्ट खुल्या परवान्यात आहे. असं असताना माझा युनिकोडमधला लेख एका प्रकाशनानं परत पाठवला: आमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून द्या. तो फॉन्ट म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर, ते चालवायला विंडोज, आणि वर यूएसबीला लावायचं कुलूप. एका लेखाच्या मानधनापेक्षा हा खर्च मोठा. मी नकार दिला आणि कळवलं की युनिकोडचं त्या फॉन्टमध्ये रूपांतर करणारी साधनं फुकट आहेत, ते काम छापणाऱ्याचं आहे, लिहिणाऱ्याचं नाही. प्रत्येक लेखकानं असंच कळवावं. नवोदितांना हे कळवायची भीती वाटते, म्हणून ज्यांची पुस्तकं खपतात त्यांनी ते आधी करावं, आणि याच वर्षी करावं.