पोलादी संगीतातल्या वेगळ्या चुली

इंडस्ट्रियल मेटल या संगीतप्रकाराच्या दोन आधारस्तंभांनी २०२५ या एकाच वर्षात स्वतःच्या भूतकाळाशी नव्याने हिशेब केला. 'मिनिस्ट्री' या अमेरिकी बँडचे सर्वेसर्वा अल जोर्गेन्सन यांनी मार्चमध्ये 'द स्क्विरली इयर्स रीव्हिजिटेड' हा अल्बम काढला. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धातली सिंथेसायझरवरची गोडगोड गाणी, ज्यांना त्यांनी कित्येक वर्षे आपले म्हणण्यासही नकार दिला होता, ती त्यांनी गिटारची धार लावून पुन्हा वाजवली. सप्टेंबरमध्ये 'नाइन इंच नेल्स'चे ट्रेंट रेझ्नर यांनी 'ट्रॉन : एरीज' या डिस्नेच्या चित्रपटाचे संगीत प्रसिद्ध केले. चित्रपटांचे पार्श्वसंगीत ते आणि त्यांचे सहकारी अ‍ॅटिकस रॉस आजवर वैयक्तिक नावाने करीत आले होते. या खेपेस ते बँडच्या नावावर आले. एकाने टाकलेले मूल घरी आणले, तर दुसऱ्याने बाहेरची मिळकत घराच्या नावावर केली.

या दोन घटनांमुळे या संगीताच्या जवळजवळ चार दशकांच्या वाटचालीकडे एका विशिष्ट अंगाने पाहता येते. इतर कोणत्याही रॉकप्रकारापेक्षा येथे कलावंतांनी वेगळ्या चुली मांडल्याचे प्रमाण मोठे आहे. मूळ बँड चालू असतानाच दुसरा, तिसरा, चौथा बँड निघतो. त्यातले काही मूळ बँडपेक्षा सरस ठरले, तर काहींनी चांगल्या कलावंताची पत घालवली. हा निव्वळ योगायोग नाही. त्यामागची कारणे या संगीताच्या जन्मातच सापडतात.

लंडनमध्ये 'थ्रॉबिंग ग्रिसल' या गटाने १९७६ मध्ये 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ही स्वतःची कंपनी स्थापन केली आणि या संगीताला नाव मिळाले. पश्चिम बर्लिनमधल्या 'आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन' या गटाने १९८० मध्ये ड्रिल, हातोडे आणि भंगारातले पत्रे यांना वाद्यांचा मान दिला. त्याच वर्षी तत्कालीन युगोस्लाव्हियातल्या त्रबोव्ल्ये या कोळशाच्या खाणींच्या गावात 'लायबाख'चा जन्म झाला. युरोपातली जुनी कारखानदारी उतरणीला लागली असताना तिचा खडखडाट संगीतात शिरत होता.

या खडखडाटात मेटल मिसळले ते प्रामुख्याने दोन ठिकाणी, बर्मिंगहॅममध्ये आणि शिकागोत. बर्मिंगहॅमचे नाते तर आणखी जुने आहे. 'ब्लॅक सॅबथ'चे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके याच शहरातल्या पत्र्याच्या कारखान्यात, यंत्राखाली गेली होती. त्या जखमी बोटांना पेलतील अशा हलक्या तारा त्यांनी वापरल्या. पुढे स्वरही खाली उतरवले आणि हेवी मेटलला तिचा जड नाद मिळाला. त्याच शहरात १९८८ मध्ये जस्टिन ब्रॉडरिक आणि बेन ग्रीन यांनी 'गॉडफ्लेश' स्थापन केला. यात ड्रमवादक नव्हता, ड्रम मशीन होते. १९८९ च्या 'स्ट्रीटक्लीनर'मध्ये हे मशीन थकत नाही, गती वाढवत नाही, गायकाकडे लक्षही देत नाही. माणसाचा आवाज मात्र त्याच्यापुढे थकत जातो. या प्रकारातल्या सर्वोत्तम अल्बममध्ये त्याची गणना होते ती या विषम सामन्यामुळे.

यंत्राच्या या प्रवेशाने बँड या संस्थेचे स्वरूपच पालटले. चार-पाच जणांनी एकत्र येऊन वाजवायचे ही गरज उरली नाही. एक माणूस, एक सीक्वेन्सर आणि एक स्टुडिओ एवढ्यावर बँड उभा राहू लागला. रेझ्नर यांनी १९८९ चा 'प्रिटी हेट मशीन' बहुतांशी एकट्याने घडवला. बँड म्हणजे माणसांचा संसार न राहता ते एक नाव झाले, आणि नाव झाले की त्याची चौकट आली, श्रोत्यांच्या अपेक्षा आल्या, कंपनीचा करार आला. त्या चौकटीत न मावणारे काही सुचले, तर नवे नाव घेणे हा सर्वांत सोपा मार्ग होता.

शिकागोच्या 'वॅक्स ट्रॅक्स' कंपनीभोवतीचा गोतावळा याचे उत्तम उदाहरण ठरेल. 'मिनिस्ट्री'ने १९८३ मध्ये 'विथ सिम्पथी' या सौम्य अल्बमने सुरुवात केली आणि १९८८ च्या 'द लँड ऑफ रेप अँड हनी'पासून पोलादी वळण घेतले. त्याच काळात जोर्गेन्सन यांच्या वेगळ्या चुली धडाधड पेटत होत्या. बेल्जियन सहकाऱ्यांसह 'रिव्होल्टिंग कॉक्स', 'डेड केनेडीज'चे जेलो बियाफ्रा यांच्यासह 'लार्ड', इयन मकाय यांच्यासह 'पेलहेड' असे हे गट होते. पैकी 'पेलहेड' विशेष लक्षणीय म्हणावा लागेल. मकाय हे मद्य आणि अमली पदार्थ कटाक्षाने वर्ज्य मानणाऱ्या हार्डकोर पंथाचे प्रवर्तक; जोर्गेन्सन यांची व्यसने तर त्यांनीच जाहीरपणे सांगितलेली. एका बाजूला संयम, दुसऱ्या बाजूला अतिरेक. या दोहोंच्या ताणातून मोजकीच गाणी निघाली, पण ती दोघांच्याही मूळ बँडमध्ये निघू शकली नसती. 'लार्ड'मध्ये बियाफ्रा यांच्या तिरकस राजकीय उपहासाला यंत्राचे बळ मिळाले. वेगळी चूल कशासाठी मांडावी याचे उत्तर या दोन उदाहरणांत आहे.

कराराच्या जाचाचे उदाहरणही याच गोतावळ्यात सापडते. जोर्गेन्सन यांच्या '१००० होमो डीजेज' या आणखी एका गटाने ब्लॅक सॅबथचे 'सुपरनॉट' हे गाणे रेझ्नर यांच्या आवाजात केले होते. रेझ्नर यांच्या कंपनीने परवानगी नाकारल्यामुळे ते त्या वेळी त्यांच्या नावाने बाहेर येऊ शकले नाही. काही वर्षांनी ते प्रसिद्ध झाले.

मात्र वेगळी चूल कधी विझवावी, हे कळण्यालाही महत्त्व असते. 'सेपल्टुरा'चे मॅक्स कॅव्हलेरा आणि 'फज टनेल'चे अ‍ॅलेक्स न्यूपोर्ट यांच्या 'नेलबॉम्ब'ने ते दाखवून दिले. १९९४ चा 'पॉइंट ब्लँक' हा त्यांचा एकमेव स्टुडिओ अल्बम. १९९५ मध्ये नेदरलँड्सच्या डायनॅमो महोत्सवात तो वाजवला गेला, त्याचे ध्वनिमुद्रण निघाले आणि प्रकरण आटोपले. पुनरावृत्तीला वावच ठेवला नाही, म्हणून आजही तो अल्बम शिळा वाटत नाही. याउलट 'रिव्होल्टिंग कॉक्स'. सुरुवातीच्या काळात त्यांच्या वाह्यातपणात बंडखोरी होती; २००६ आणि २००९ च्या अल्बमपर्यंत तोच विनोद पुन्हा पुन्हा सांगितल्यासारखा झाला. चूल पेटती होती, पण तिच्यावर शिजत काहीच नव्हते.

कधी कधी वेगळी चूलच मूळ घरापेक्षा मोठी होते. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या 'फ्रंट लाइन असेंब्ली'चे बिल लीब आणि रीस फल्बर यांनी १९९४ च्या 'मिलेनियम'मध्ये मेटल गिटारचे तुकडे यंत्रात घालून या प्रकारातला एक महत्त्वाचा अल्बम केला. पण त्यांना जगभर ऐकले गेले ते 'डेलेरियम' या बाजूच्या प्रकल्पामुळे. १९९७ च्या 'कर्मा'मधले सारा मॅक्लॉकलन यांनी गायिलेले 'सायलेन्स' हे शांत गाणे २००० मध्ये नृत्यासाठीच्या नव्या आवृत्तीतून ब्रिटनच्या विक्रीक्रमात पहिल्या पाचांत पोचले. ज्यांनी आयुष्यभर यंत्राचा कर्कशपणा घडवला, त्यांची ओळख निःशब्दतेच्या गाण्याने व्हावी, हा दैवदुर्विलास नव्हे; त्यांच्या कानात दोन्ही गोष्टी होत्या, एवढाच त्याचा अर्थ.

आता वाईटाकडे वळू. या यादीत '२वो' या गटाचा क्रमांक वरचा लागतो, आणि त्याचे वाईट वाटते, कारण त्यामागचे कलावंत आहेत 'जुडास प्रीस्ट'चे रॉब हॅलफर्ड. मेटलमधला सर्वांत उंच आणि धारदार आवाज असलेला हा गायक मूळ बँड सोडल्यानंतर नव्या वाटेच्या शोधात होता. १९९८ मध्ये रेझ्नर यांच्या 'नथिंग रेकॉर्ड्स'तर्फे 'व्हॉयर्स' आला. त्यात यंत्र होते, गिटार होती, त्या काळी खपणारा अंधारही होता. नव्हता तो हॅलफर्ड यांचा आवाज. तो खालच्या पट्टीत, यंत्रामागे दडवला गेला होता. यंत्राशी सामना करण्याऐवजी गायकाने यंत्राचा गणवेश चढवला की काय होते, त्याचा हा धडा आहे. श्रोत्यांनी पाठ फिरवली. हॅलफर्ड २००० च्या 'रिसरेक्शन'मधून आपल्या मूळ आवाजाकडे आणि २००३ मध्ये मूळ बँडकडे परतले.

जर्मनीच्या 'राम्श्टाइन'ची कथा निराळी आहे. १९९४ मध्ये बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या या बँडचे सहाही सदस्य आजतागायत तेच आहेत. या क्षेत्रात हे दुर्मीळच. गायक टिल लिंडेमान यांनी स्वीडनचे पेटर टेग्टग्रेन यांच्यासह २०१५ मध्ये 'स्किल्स इन पिल्स' हा अल्बम इंग्रजीत केला. संगीत तेवढेच भक्कम, पण लिंडेमान यांच्या जर्मन उच्चारांतली 'र'काराची घरघर आणि शब्दांतला दुहेरी अर्थ इंग्रजीत हरवला, मागे उरला तो केवळ धक्का देण्याचा सोस. २०१९ च्या 'एफ अँड एम'मध्ये ते पुन्हा जर्मनकडे वळले आणि गाण्यांना वजन आले. भाषा हेही वाद्यच असते, हे त्यातून सिद्ध झाले.

सर्वांत क्लेशदायक प्रकरण 'फिअर फॅक्टरी'चे. लॉस एंजेलिसच्या या बँडने १९९५ च्या 'डीमॅन्युफॅक्चर'मध्ये गिटार आणि ड्रम यंत्राच्या अचूकतेने एकत्र ठोकले आणि त्यावर बर्टन बेल यांचा एका ओळीत गरजणारा, दुसऱ्या ओळीत आर्त होणारा आवाज ठेवला. त्याच वर्षी बेल यांनी ब्लॅक सॅबथचे गीझर बटलर यांच्या 'प्लॅस्टिक प्लॅनेट'वरही गायन केले आणि बर्मिंगहॅमशी जुने नाते पुन्हा जुळले. यंत्रांच्या सत्तेखाली माणसाची ओळख पुसली जाते, हा या बँडचा कायमचा विषय. पुढे गिटारवादक दिनो कझारेस यांच्याविना निघालेल्या २००५ च्या 'ट्रान्सग्रेशन'मध्ये बँडचे स्वत्व हरवले. नंतर नावाच्या मालकीवरून वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले आणि २०२० मध्ये बेल बाहेर पडले. २०२१ चा 'अ‍ॅग्रेशन कंटिन्युअम' श्रोत्यांच्या हाती आला, तेव्हा त्यातला आवाज बँड सोडून गेलेल्या गायकाचा होता. माणसाला निरुपयोगी ठरवणाऱ्या यंत्राची भीती ज्यांनी गाण्यांतून मांडली, त्यांना वेगळे केले ते यंत्राने नव्हे, कागदपत्रांनी.

रेझ्नर यांनी याच नाव नावाच्या मालमत्तेचा अधिक शहाणपणाने वापर केला. 'टेपवर्म' नावाची त्यांची वेगळी चूल वर्षानुवर्षे चर्चेत राहिली, पण समाधानकारक काही न निघाल्याने तिचा अल्बम प्रसिद्धच झाला नाही. हा संयम फार थोड्यांना जमला. त्यानंतर 'द सोशल नेटवर्क'च्या संगीतासाठी २०११ मध्ये आणि 'सोल'साठी २०२१ मध्ये त्यांना व रॉस यांना ऑस्कर मिळाले. आवाज चढवण्याची सवय असलेल्या संगीतकाराने चित्रपटांत संवादाखाली हळू वाजायला शिकणे, ही त्यांची सर्वांत यशस्वी वेगळी चूल म्हणता येईल.

या साऱ्यातून निवाड्याचा एक निकष हाती लागतो. जिथे कलावंताला मूळ बँडमध्ये न मावणारे काही म्हणायचे होते, तिथे वेगळी चूल सार्थकी लागली. जिथे केवळ चलती असलेला आवाज उसना घ्यायचा होता, तिथे ती फसली. गॉडफ्लेशची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नव्वदच्या दशकात त्यांनी यंत्राऐवजी ड्रमवादक घेऊन पाहिला; २००२ मध्ये बँड थांबला आणि ब्रॉडरिक यांनी 'जेसू'मध्ये संथ, करुण सुरांना वाट करून दिली. २०१० मध्ये गॉडफ्लेश परतला तो ड्रम मशीनसकट. मवाळ सुरांना वेगळे घर मिळाल्यावर मूळ घराला आपला कठोरपणा परत मिळाला.

आज चार शब्दांची आज्ञा दिली की संगणक गायनासकट आख्खे गाणे तयार करून देतो. त्यामुळे ज्या प्रश्नाशी हे कलावंत चार दशके झुंजत आले, तो आता प्रत्येक संगीतकाराच्या दारात उभा आहे. यंत्र वापरावे की नाही, हा तो प्रश्न नव्हे. ड्रम मशीनच्या ठोक्यापुढे 'स्ट्रीटक्लीनर'मध्ये कोणीतरी माणूस दमत होता, म्हणून ते गाणे आपल्याला ऐकावेसे वाटले. यंत्रच ठोका देणार असेल आणि यंत्रच गाणार असेल, तर त्या गाण्यात दमणार कोण, याचे उत्तर संगीताच्या व्यवसायाला लवकरच द्यावे लागेल.