वर्गाची शीट उघडी, इनबॉक्स भरलेला

प्लेसमेंटचा सीझन आला की निगडी-आकुर्डीपासून चाकणपर्यंत आपली एकच धावपळ. जॉब फेअर, वॉक-इन, अप्रेंटिसशिप. जिथे जाल तिथे फॉर्म, आणि फॉर्ममध्ये ई-मेल. मग थोड्याच दिवसांत लोन, क्लासेस आणि 'चाकणच्या कंपनीत थेट निवड, आधी डिपॉझिट भरा' असल्या मेलची रांग लागते. यांना आपला आयडी मिळतो तरी कुठून?

बरेचदा उघड्यावरूनच. पत्ते वेचणारे बॉट वेबपेज आणि पीडीएफ चाळत असतात. 'ॲट द रेट'चं चिन्ह दिसलं की पत्ता उचलला. ग्रुपवर फिरणारी, कुणालाही उघडणारी गूगल शीट म्हणजे तर वाढून ठेवलेलं ताट! कॉलेजचा आयडी रोल नंबरवरून बनलेला असेल, तर एका पत्त्यावरून पुढचे शंभर अंदाजाने बनवता येतात. मग या याद्या विकल्या जातात.

यावर 'मुलांनी सावध राहावं' हे ठरलेलं उत्तर मला अपुरं वाटतं. नोकरी हवी असलेला मुलगा फॉर्मला नाही कसं म्हणणार? जबाबदारी आधी माहिती गोळा करणाऱ्याची. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्व सरळ आहे: ज्या कामासाठी संमती घेतली, त्या कामापुरतीच माहिती वापरायची. म्हणजे शीट फक्त प्लेसमेंट सेलला दिसावी, आणि ड्राइव्ह संपली की डिलीट व्हावी. यात खर्च शून्य आहे.

आपल्या हातातही काही आहेच. जॉब फेअरसाठी वेगळा ई-मेल ठेवा. नेटवर टाकायच्या रेझ्युमेतून पत्ता आणि नंबर काढा. अनोळखी मेलमधलं 'अनसबस्क्राइब' दाबू नका, त्यातून तुमचा पत्ता चालू असल्याचं कळू शकतं. सरळ स्पॅम रिपोर्ट करा. ऑफर आली तर कंपनीचं नाव नाही, पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचा. नोकरीसाठी पैसे मागितले की समजा, गडबड आहे. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

कारण प्रश्न नुसत्या कचऱ्याचा नाही. त्याच ढिगाऱ्यात खऱ्या इंटरव्ह्यूचा मेल हरवतो, आणि खोटा मेल खरा वाटून घरच्यांचे पैसे जातात.

आज एवढंच करा: वर्गाच्या शीटची लिंक इन्कॉग्निटोमध्ये टाका. लॉगिन न मागता उघडली, तर सीआरला लगेच मेसेज करा.