वहीतली मोटार आणि विहिरीवरची मोटार

मी कला शाखेचा विद्यार्थी. विद्युत अभियांत्रिकी कशी शिकवावी यावर मी लिहिणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे, असे काहींना वाटेल. पण ज्याच्या शेतातली मोटार बंद पडते, त्याला या विषयावर बोलण्याचा थोडा तरी हक्क असावा.

गेल्या हिवाळ्यात गव्हाला पाणी द्यायचे होते. वडिलांनी स्टार्टरचे बटन दाबले, पण मोटार फिरेना. नुसती गुणगुणत राहिली. माझा मावसभाऊ सुट्टीत आला होता. तो शहरात विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील मोठ्या आशेने म्हणाले, "बघ रे बाबा, तू तर इंजिनिअर." तो स्टार्टरकडे नुसता पाहत राहिला. इतक्यात वायरमन चाचा बांधावरूनच ओरडले, "आधी बंद करा, मोटार जळंल!" सातवी शिकलेल्या चाचांनी नुसत्या आवाजावरून ओळखले होते की एक फेज गेला आहे. मेन स्विचमधल्या एका फ्यूजची तार जळाली होती. दहा मिनिटांत पाटाला पाणी आले. दादाची मान खाली गेली.

पण गोष्ट इथे संपत नाही. "फेज गेल्यावर मोटार का जळते?" असे मी चाचांना विचारले. ते म्हणाले, "जळती म्हंजे जळती." तेव्हा दादाने काडीने मातीत आकृती काढली. तीन फेज मिळून फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. एक गेला की उभ्या मोटारीत ते फिरत नाही, नुसते धडधडते. मोटार जागची हलत नाही, प्रवाह मात्र कितीतरी पट ओढते आणि वाइंडिंग तापते. चाचांनी नीट ऐकले आणि विचारले, "मग चालत्या मोटारीचा फेज गेला, तर ती का फिरत राहती?" या प्रश्नाच्या उत्तरासाठी दादाला दोन दिवस पुस्तक उघडून बसावे लागले!

माझ्या मते खरा वर्ग तो होता. चाचांना 'काय' ठाऊक होते, दादाला 'का'. आपल्या शिक्षणाने या दोघांची ताटातूट केली आहे. दादा सांगतो, प्रात्यक्षिकाला एका यंत्राभोवती वीस मुले असतात. तारा प्रयोगशाळा सहायक जोडतो, दोघे आकडे घेतात, उरलेले गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवतात. यात एकट्या मुलांचा काय दोष?

कोणी म्हणेल, वीज हा खेळ नव्हे. जिवाशी गाठ आहे. मान्य. पण हात लावू न देणे हा त्यावर उपाय नव्हे. चोवीस व्होल्टच्या पुरवठ्यावर जोडणी शिकवता येते. यंत्रे महाग आहेत, हेही मान्य. पण जळालेल्या मोटारी गावोगावच्या रिवाइंडिंगच्या दुकानांत पडून असतात. त्या आणाव्यात, मुलांनी उघडाव्यात, पुन्हा गुंडाळाव्यात. शिक्षकाने मुद्दाम बिघाड करून ठेवावा आणि तो शोधण्याला गुण द्यावेत. सुट्टीत महिनाभर एखाद्या चाचांच्या हाताखाली काम करणे सक्तीचे करावे.

मुलांच्या हातांवर विश्वास टाकला की काय होते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयम्' उपग्रह घडवला. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ ने तो अवकाशात नेला. आणि ज्या शोधावर गावाबाहेरची डीपी चालते, तो विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध १८३१ मध्ये लावणारा मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार होता. पुस्तके बांधता बांधता त्याने ती वाचली आणि वाचलेले हाताने करून पाहिले.

त्या रात्री वडील दादाला काही बोलले नाहीत. मला मात्र त्यांनी विचारले, "तुझ्या पुस्तकांचंबी असंच हाय का रे?" आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मी गप्प बसलो. मित्रहो, गुरुजनहो, हा प्रश्न एकट्या अभियंत्यांना विचारलेला नाही.