टोकन नंबर अठ्ठावीस

बँकेच्या काउंटरवर वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाला जगात दोनच गोष्टी पवित्र वाटतात : एक, संध्याकाळी कॅश जुळणे आणि दुसरी, रांग. म्हणूनच कराओकेच्या मेळाव्यांबद्दल मी आज आवाज चढवून बोलणार आहे. गाताना तो चढत नाही, निदान लिहिताना तरी चढू दे!

३१ जुलै ही महंमद रफींची पुण्यतिथी आणि ४ ऑगस्ट हा किशोरकुमारांचा जन्मदिवस. या दिवसांत आमच्या भागात चाहत्यांचे मेळावे भरतात. एक लॅपटॉप, दोन माईक, पडद्यावर रंग बदलत जाणारे शब्द आणि लॅपटॉपमागे बसलेला संयोजक. माझी फिर्याद या संयोजकाविरुद्ध आहे, गाणाऱ्यांविरुद्ध नाही. बेसूर गाणे हा गुन्हा नव्हे. रांग मोडणे हा आहे.

साधा हिशेब मांडतो. हॉल मिळतो तीन तास, म्हणजे १८० मिनिटे. पाच मिनिटांचे गाणे आणि माईकपर्यंत पोचायला, घसा खाकरायला एक मिनिट. १८० भागिले ६ म्हणजे ३० गाणी. यादीत नावे २८. म्हणजे सगळ्यांचे गाऊन होऊन वर दोन गाणी शिल्लक! मग अठ्ठावीस नंबरच्या काकू दर वेळी न गाताच घरी का जातात? कारण सुरुवातीची दोन गाणी संयोजक स्वतःच म्हणतात, 'वातावरणनिर्मितीसाठी'. तिसरे युगुलगीत, वहिनींबरोबर. मग साडू येतात. मग 'आग्रहास्तव' पुन्हा साडू. काकूंनी तीन आठवडे कुकरच्या शिट्ट्यांवर एकच गाणे बसवलेले असते. वर्गणी त्यांनीही तेवढीच भरलेली असते.

गंमत म्हणजे यावरचा इलाज त्या लॅपटॉपमध्येच असतो. अशा मैफली चालवण्यासाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये गाणाऱ्यांची फिरती यादी ठेवण्याची सोय असते. एक नाव झाले की पुढचे, आणि यादी संपली की पुन्हा पहिले. आणखी एक सोय म्हणजे पट्टी. पूर्वी टेप सावकाश चालवली की पट्टी उतरायची, पण गाणेही रेंगाळायचे. आता अर्ध्या-अर्ध्या स्वराने पट्टी खाली-वर करता येते, आणि लय जागची हलत नाही. पण संयोजक काकूंना काय सांगतात? "रफीसाहेबांची ओरिजिनल पट्टीच ठेवायची हं, नाहीतर मजा नाही!" अहो, रफीसाहेबांची पट्टी रफीसाहेबांच्या गळ्यासाठी होती. माझ्या मापाचे बूट काकूंना देऊन वर "चाला बघू ऐटीत" म्हणण्यातला हा प्रकार.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते : "मग कार्यक्रमाचा दर्जा?" दर्जा हवा असेल तर घरी रेकॉर्ड लावा, खुद्द रफीसाहेब गातील, तेही फुकटात. कराओके या जपानी शब्दाचा अर्थच 'रिकामा वाद्यवृंद'. गाणाऱ्याची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली, आणि ती ज्याला स्टेज कधी मिळाले नाही त्याच्यासाठी. कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए या वादकाने १९७१ मध्ये असे यंत्र काढले, तेसुद्धा एका बेताच्या गाणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्या बेताच्या आवाजाला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिल्यानंतर. गृहस्थाने पेटंटही घेतले नाही. २००४ मध्ये त्याला इग नोबेल हे गमतीचे पारितोषिक मिळाले, आणि तेही संगीताचे नव्हे, शांततेचे! माणसे एकमेकांना सहन करायला शिकतात म्हणून. आमचे संयोजक मात्र स्वतःखेरीज कोणालाच सहन करीत नाहीत.

तेव्हा माझ्या मागण्या तीनच. यादी सर्वांना दिसेल अशी पडद्यावर लावा. सगळ्यांचे एकेक झाल्याशिवाय कोणाचेही दुसरे गाणे नको. आणि गाण्याआधी प्रत्येकाला विचारा, "पट्टी किती उतरवू?" हे विचारण्यात गाणाऱ्याचा अपमान नाही, पाहुण्याला साखर किती घालू हे विचारण्याइतका तो साधा शिष्टाचार आहे.

संयोजकांनी खुशाल गावे, पण सर्वांत शेवटी. तोवर लॅपटॉपला त्याचे काम करू द्यावे. त्याला सूर कळत नसेल, पण नंबर कळतो. आणि मुख्य म्हणजे, त्याला साडू नसतो.