अंगठ्याची सवय
मंगळवारी सानपाडा स्टेशनच्या जिन्यात एका आजींनी वाजणारा फोन माझ्यापुढे धरला, “बाळा, हा उचलायचा कसा?” अंगठा सवयीने वर सरकत होता, पण ऑगस्ट २०२५मध्ये अनेकांच्या फोनवर कॉलचा पडदा न विचारताच बदलला, आता बोट आडवं ओढायचं. तेवढ्यात लेकीचा फोन कट झाला. याला सुधारणा म्हणत नाहीत. सुधारणा म्हणजे २०२३मध्ये आयफोन १५ला आलेलं यूएसबी-सी: घरात सगळ्यांना एकच चार्जर चालतो. त्यासाठीही युरोपला २०२२मध्ये कायदा करावा लागला. लोकांच्या हातात मुरलेली सवय मोडण्याआधी त्यांना विचारायलाच हवं. आजींना सेटिंगमध्ये जाऊन नुसत्या टॅपने फोन उचलायची सोय लावून दिली, तोवर पनवेल लोकल निघून गेली होती.